चाकामागचं रबर

पिकअप गाडी आता गावोगाव दिसते. कांदा मार्केटला न्यायचा असो, उसाची रोपं आणायची असोत, की लग्नघरचं सामान पोचवायचं असो. बैलगाडीचं बरंचसं काम तिनं आपल्याकडे घेतलं आहे. नवी गाडी दारात आली की मालक हौसेनं दोन वस्तू बसवून घेतो. एक, चाकांच्या मागे लोंबणारं रबर, म्हणजे मडफ्लॅप. आणि दुसरी, चाकावरच्या कमानीला बाहेरून बसवायची रुंद पट्टी, जिला दुकानदार फेंडर फ्लेअर म्हणतात. दुकानदार तुम्हांला रंग दाखवील, नक्षी दाखवील. परंतु या वस्तू निवडताना पाहायचं असतं ते निराळंच. ते काय, हे आज समजावून घेऊ.

आधी चिखल उडतो कसा ते पाहा. फिरत्या चाकाला चिकटलेला थेंब सुटला, की तो त्या जागी चाकाला काढलेल्या स्पर्शिकेच्या दिशेनं सरळ निघतो. शिक्षकबंधूंना हा प्रयोग शाळेच्या अंगणात करून दाखवता येईल. सायकल उलटी उभी करा, मागचं चाक ओलं करा आणि पायडल फिरवा. थेंब कोणत्या दिशेला जातात ते मुलांना डोळ्यांनी दिसेल. पुस्तकातली स्पर्शिका मग पुन्हा शिकवावी लागत नाही.

गाडीच्या चाकात अडकलेल्या खड्याचंही तसंच होतं. चाक जमिनीपासून उचललं जात असतानाच तो सुटला, तर तिरका वर उडतो. आपण म्हणतो, गाडीनं दगड मागे फेकला. खरं पाहता तो रस्त्याच्या मानानं मागे जात नाही. गाडी पुढे निघून जाते, आणि खडा जवळजवळ त्याच जागी हवेत उंच चढलेला असतो. मागून ताशी ६० किलोमीटर वेगानं येणारा मोटारसायकलवाला त्याच्यावर जाऊन आदळतो. खडा लहान असला तरी वेग मोठा असतो, आणि चेहऱ्यासमोर काच नसेल तर डोळ्यावरच बेततं.

आता थोडं गणित करू. चाकाची उंची ७० सेंटिमीटर धरा, आणि मडफ्लॅप चाकाच्या मध्यापासून ५० सेंटिमीटर मागे आहे असं समजा. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर. फ्लॅपची खालची कड जमिनीपासून २० सेंटिमीटर वर असेल, तर तिच्या खालून निसटलेला खडा सुमारे अडीच मीटरपर्यंत चढू शकतो. कड १५ सेंटिमीटरवर आणली, तर दीड मीटर. १० सेंटिमीटरवर आणली, तर जेमतेम ६५ सेंटिमीटर. हवेचा अडथळा या हिशेबात धरलेला नाही; पण फरक केवढा पडतो ते पाहा. रबर दहा सेंटिमीटरनं लांब केलं, की खडा माणसाच्या तोंडाऐवजी गुडघ्याच्या आसपास राहतो.

तुम्ही म्हणाल, मग रबर जमिनीला टेकेल इतकं लांब का ठेवू नये? तर भरलेली गाडी पाट्यांवर बसते, खाली येते. बांधावरून, खड्ड्यातून जाताना रबर घासतं. गाडी मागे घेताना ते चाकाखाली सापडून फाटतं. म्हणून माप नेहमीचा माल भरून घ्यावं. भरल्या गाडीत १० सेंटिमीटरच्या आसपास कड राहील असं बेतावं, आणि चाक नि रबर यांत निदान चार बोटं अंतर असावं. रिकामी गाडी वर उचलली जाते, तेव्हा कडही वर जाते. म्हणून रिकामी गाडी डांबरी रस्त्यावर भरधाव नेणारानं मागच्या माणसाची जास्त काळजी करायला हवी.

रुंदी टायरपेक्षा दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं जास्त असावी. रबर फार पातळ घेऊ नका. वेगात ते पदरासारखं मागे उडतं, आणि ऐन गरजेच्या वेळी चाकामागची जागा मोकळी पडते. फार कडक प्लॅस्टिकही नको, ते बांधाला लागून तुटतं. आत कापडाचे थर असलेलं जाड रबर, अगदी जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचं असलं तरी, टिकाऊ असतं. बोल्ट नुसते रबरातून घातले तर भोकं फाटत जातात. वरून एक लोखंडी पट्टी घालून बोल्ट आवळावेत. वजनासाठी खालच्या कडेला लोखंड मात्र लावू नये. ते निखळलं तर खड्यापेक्षा वाईट.

आता फेंडर फ्लेअर. टायर कमानीच्या आत असेल, तर या पट्टीची फारशी गरज नाही, ती शोभाच. टायर बाहेर डोकावत असेल, तर मात्र चिखल बाजूला उडतो आणि रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या शाळेच्या पोरांचे कपडे भरतात. तिथं पट्टी कामाची. ती घेताना उन्हात टिकणारं प्लॅस्टिक आहे का, ते विचारा. पत्र्याला भोकं पाडली, तर त्यांच्या कडांना लगेच गंजरोधक रंग लावून घ्या. काळी माती पट्टीच्या आत चिकटून बसते, ओल धरते, आणि पत्रा आतून खातो. कोकणातल्या पावसात तर हे लवकर होतं. म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी आतून पाण्याचा मारा करावा. चाक आणि कमान यांत चिखल दाटणार नाही एवढी फट ठेवावी, आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून चाक कुठं घासत नाही ना, ते पाहावं.

रुंद टायर घालून वर पट्टी लावणारांनी कायद्याकडेही पाहावं. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. तेव्हा काम करण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात विचारून घेतलेलं बरं. नंबर पाटी, दिवे, रिफ्लेक्टर यांतलं काही झाकलं जाता कामा नये.

एक गोष्ट ध्यानात आली असेल. पुढच्या चाकामागचं रबर आपली गाडी राखतं. दरवाजाखालचा पत्रा, खालचे पाइप यांना खडा लागू देत नाही. मागच्या चाकामागचं रबर मात्र आपल्याला काहीच देत नाही. ते फाटलं तर आपली गाडी अडत नाही, म्हणून महिनोन् महिने तसंच राहतं. पण त्याच्या मागे कुणी बायको-मुलाला घेऊन मोटारसायकलवर येत असतो. म्हणून दुकानात गेलात की आधी मागच्या दोन फ्लॅपांचं माप घ्या; रंग आणि नक्षी मग निवडा.