इंजिनाचे कण्हणे

निरोगी इंजिनाचा आवाज एकसुरी असतो. रोज मोटार चालविणाऱ्याच्या कानांस तो इतका सवयीचा होतो, की पुढे तो जाणवेनासा होतो. परंतु एखाद्या दिवशी त्यात ‘कुंई’ असा बारीक, लांबट सूर मिसळतो आणि चालक सावध होतो. हा सूर म्हणजे यंत्राचे कण्हणेच होय. रोग्यास निदान कोठे दुखते हे तरी सांगता येते. यंत्रास तेही सांगता येत नाही. ते शोधून काढणे हे कारागिराचे काम.

हे काम वाटते तितके सोपे नाही. ध्वनी धातूमधून सहज वाहतो. त्यामुळे इंजिनाच्या एका टोकास उत्पन्न झालेला सूर दुसऱ्या टोकासही ऐकू येतो. अशा वेळी अंदाजाने जो एखादा भाग बदलतो, त्याचे श्रम आणि मालकाचा पैसा पुष्कळदा व्यर्थ जातात. म्हणून चांगला कारागीर हत्यार उचलण्यापूर्वी प्रश्न विचारतो.

त्याचा पहिला प्रश्न असा : हा सूर कशाबरोबर चढतो? गाडी उभी असताना इंजिनाचा वेग वाढविल्यावर सूरही उंचावला, तर दोष इंजिनाबरोबर फिरणाऱ्या एखाद्या भागात असण्याचा संभव असतो. उभ्या गाडीत सूर मुळीच नसेल आणि गाडी धावू लागल्यावरच तो उमटत असेल, तर संशय चाकांच्या बेअरिंगांकडे किंवा गिअरबॉक्सकडे वळतो. अशा रीतीने एकाच प्रश्नाने शोधाचे क्षेत्र पुष्कळ लहान होते.

बहुतेक इंजिनांच्या एका अंगास रबरी पट्टा असतो. तो वीज निर्माण करणाऱ्या आल्टरनेटरला आणि पुष्कळ गाड्यांत इंजिन थंड राखणाऱ्या पाण्याच्या पंपालाही फिरवितो. आल्टरनेटरची कप्पी लहान असल्यामुळे इंजिनाच्या एका फेऱ्यात तिचे दोन-तीन फेरे होतात. साहजिकच तिचे बेअरिंग झिजले म्हणजे सूर उंच लागतो. काही गाड्यांत स्टिअरिंग वळविण्यास तेलाच्या दाबाचे साहाय्य असते. तेथील तेल कमी झाले, की पंपात हवा शिरते आणि स्टिअरिंग वळविताच तो कण्हू लागतो. अशा वेळी पंप बदलण्यापूर्वी गळती शोधून तेल भरणे हाच शहाणपणा.

इतक्यानेही उलगडा न झाल्यास कारागीर वैद्याची युक्ती योजतो. १८१६ साली पॅरिस येथील रेने लेनेक या वैद्याने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीस लावून हृदयाचे ठोके ऐकले. त्यातूनच स्टेथॉस्कोप जन्मास आला. कारागीर धातूची दांडी जोडलेला असाच स्टेथॉस्कोप एकेका भागाच्या स्थिर कवचास टेकवितो. जेथे सूर सर्वांत स्पष्ट, तेथे दोष असण्याचा संभव अधिक. खात्रीसाठी तो पट्टा काढून इंजिन काही क्षणच चालवितो. सूर थांबला, तर दोष पट्ट्यात किंवा त्याच्यावर फिरणाऱ्या भागांत आहे, हे ठरते. मग इंजिन बंद करून तो एकेक कप्पी हाताने फिरवितो. खरखरणारी कप्पी आपला दोष आपणच सांगते. ही परीक्षा जाणत्यानेच करावी. चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ बोट किंवा कपड्याचे टोकही जाता कामा नये.

काही जण पट्ट्यावर एखादा द्रव फवारून आवाज बंद करतात आणि निश्चिंत होतात. परंतु आवाज थांबविणे आणि दोष दूर करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. झिजलेले बेअरिंग एके दिवशी अडकते आणि पट्टा तुटतो. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल, तर तोही थांबतो आणि ऐन घाटात इंजिन तापून निकामी होऊ शकते. कण्हणे हा रोग नव्हे. ती रोगाची पूर्वसूचना होय. तिचे तोंड न दाबता जो तिचे ऐकून घेतो, तोच खरा कारागीर.