बोटभर तारेचा शोध

संपादकांना हवा होता जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांवरचा लेख. लखलखीत क्रोम, आजोबांच्या आठवणी, रविवारची रॅली. पण या गाड्या रॅलीपर्यंत चालत्या ठेवण्याची जबाबदारी कुणावर असते, हे मला जास्त पाहायचं होतं. म्हणून पुण्याच्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या दुकानांमागच्या एका बोळात गेलो. तिथे पत्र्याखाली जेमतेम दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज आहे. ते चालवणाऱ्या मिस्त्रींना सगळी गल्ली मामा म्हणते.

आत मार्क टू अ‍ॅम्बेसेडर उभी होती आणि तिची तक्रार चमत्कारिक होती. जागेवर इंजिन एका लयीत चालायचं. रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला की मिसिंग सुरू. पार तळाशी दाबला की पुन्हा ठीक! आधीच्या गॅरेजात प्लग बदलून झाले होते, कॉइल नवी बसली होती, कार्बुरेटर उघडून धुतला होता. बिल वाढलं, मिसिंग तसंच राहिलं.

अ‍ॅम्बेसेडरचा इतिहास वाचकांना ठाऊक असतो. हिंदुस्तान मोटर्सने ती ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतली, पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनवली, आणि मे 2014 मध्ये उत्पादन थांबवलं. 2017 मध्ये तिचं नावही 80 कोटी रुपयांना फ्रान्सच्या पेजो समूहाकडे गेलं. मंत्रालयाच्या आवारातल्या पांढऱ्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आणखी काही सांगायला नको. मला गुंतवलं ते तिच्या 1489 सीसी इंजिनाच्या बाजूला बसलेल्या, मुठीत मावणाऱ्या डिस्ट्रिब्युटरने.

हा ब्रिटिश लुकास कंपनीच्या जुन्या घराण्याचा नमुना. त्याचं काम दुहेरी. आतले सीबी पॉइंट, म्हणजे उघडमीट करणारे दोन संपर्क, मिटले की 12 व्होल्टच्या बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहतो. पॉइंट उघडले की तो अचानक तुटतो, आणि त्या धक्क्याने कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळतो. तो जाड वायरने कॅपच्या मधोमध येतो, कार्बनच्या छोट्या कांडीतून फिरत्या रोटरवर उतरतो आणि 1-3-4-2 या क्रमाने चार प्लगांना वाटला जातो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर पॉइंटांची ही उघडमीट सेकंदाला 100 वेळा होते. आणि उघडल्यावर त्यांच्यातलं अंतर किती? 0.35 ते 0.40 मिलिमीटर.

ठिणगी नेमकी केव्हा पडावी, हे मात्र गाडीवर किती भार आहे त्यावरही ठरतं. म्हणून पॉइंट बसवलेली प्लेट पक्की नसते. ती काही अंश फिरू शकते. डिस्ट्रिब्युटरच्या कुशीला एक चपटी डबी असते, तिच्यात पडदा, आणि तिथून कार्बुरेटरपर्यंत एक बारीक नळी. अ‍ॅक्सिलरेटर अर्धवट दाबला की नळीतली हवा ओढली जाते, पडदा प्लेटला खेचतो आणि ठिणगी थोडी आधी पडते. इंजिन जागेवर चालताना ही ओढ जवळपास नसते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती पुन्हा ओसरते.

इथे मला त्या चमत्कारिक तक्रारीचा अर्थ लागायला लागला. मामांना तो बोनेट उघडण्याआधीच लागला होता.

फिरत्या प्लेटवर दोन आखूड तारा असतात. एक बाहेरून पॉइंटांना करंट आणते, दुसरी प्लेटचं अर्थिंग डिस्ट्रिब्युटरच्या अंगाशी जोडते. प्लेट हलली की दोन्ही वाकतात. वर्षानुवर्षं वाकून आतले तांब्याचे केस एकेक करून तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत राहतं. तार दिसायला धडधाकट, आतून दुभंगलेली. टोकं टेकलेली असतात तोवर करंट जातो. प्लेट फिरली की ती सुटतात.

मामांनी पान्याला हातच लावला नाही. कॅप आणि रोटर काढले. हॅन्डलने इंजिन हळूहळू फिरवून पॉइंट पूर्ण मिटलेल्या जागी आणले. कॉइलकडून येणारी बारीक वायर कॉइलच्या टोकाला सोडवली आणि बॅटरीची जिवंत बाजू व ती वायर यांच्यामध्ये टेस्टचा दिवा जोडला. दिवा लागला. मग कार्बुरेटरकडची नळी सोडवून टोक तोंडात धरलं आणि हवा ओढली. प्लेट किंचित सरकली. दिवा विझला. ओठ सोडले, दिवा लागला.

"बघा," मामा म्हणाले, "आता गाडी इथंच रस्त्यावर आहे."

मग प्लेटला वेगळ्या वायरने थेट अर्थिंग देऊन पुन्हा नळी ओढली. दिवा तरीही विझला. म्हणजे अर्थिंगची तार निर्दोष, करंटची तुटकी. कॉइल, प्लग, कार्बुरेटर सगळे विनाकारण बदनाम झाले होते.

"बदलायला काय, कुणीही बदलतं," ते म्हणाले. "दोष आधी डोळ्यांसमोर करून दाखवायचा. मग हात लावायचा."

निदान इतकं देखणं, पण दुरुस्तीला सरळ वाट नाही. बाजारात मिळणाऱ्या तयार तारांत मोजके जाड केस असतात. त्या कडक असतात, प्लेटला मोकळं फिरू देत नाहीत आणि लवकर तुटतात. मामांनी तोडगा इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत शोधला. मल्टिमीटरच्या प्रोबची मऊ सिलिकॉनची वायर दिवसभर हातात वाकण्यासाठीच बनवलेली असते, आत असंख्य बारीक केस. तिचा बोटभर तुकडा, दोन्ही टोकांना डाग. पॉइंटांच्या खुंटीवर ही तार, पॉइंटांमधली ठिणगी आवरणाऱ्या कंडेन्सरची तार आणि स्प्रिंग एकमेकांना चिकटून बसायला हवीत, आणि तिन्ही त्या खुंटीपासून नायलॉनच्या बुशने अलग. बुश चुकला की करंट कायमचा अर्थ होतो आणि गाडी मुळीच सुरू होत नाही.

तारेवर तोडगा निघाला, बाकीच्यांचं काय? नवे कंडेन्सर गरम झाले की दगा देतात, म्हणून मामा भंगारातले जुने तपासून डब्यात साठवतात. तो डबा भरत नाही, रिकामा होत चाललाय. नव्या रोटरांत कधी पितळी पट्टीचा रिव्हेट इतका खोल असतो, की ठिणगी प्लगऐवजी दांड्याकडे उडी मारते. पावसाळ्यात कॅपवर ओल आली की केसासारख्या भेगांतून तोच प्रकार.

काही मालक पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवून घेतात. मामा तेही बसवून देतात. गॅप पाहायला नको, पॉइंट झिजत नाहीत, हे ते मान्य करतात. पण मॉड्यूल बसतं त्याच फिरत्या प्लेटवर. त्याच्या तारा तशाच वाकतात, आणि मॉड्यूल मेलं तर रस्त्याकडेला त्यात पाहण्यासारखं काही नसतं. म्हणून जुने पॉइंट डिकीत ठेवा, असं ते बजावतात.

खरी अडचण बिलाची आहे. तासभराचं निदान आणि बोटभर तार, याचे पैसे मागितले की मालकाच्या कपाळाला आठी पडते. "एवढ्याशा तारेचे?" आधीच्या गॅरेजने न बिघडलेल्या कॉइलचे पैसे घेतले, ते मात्र मुकाट दिले गेले, कारण हातात खोकं मिळालं होतं. मामांकडे शिकायला येणारी पोरं वर्षभरात स्कॅनरवाल्या सर्व्हिस सेंटरला निघून जातात, आणि मला त्यांचं चुकतंय असं वाटत नाही. जिथे सुट्या भागालाच दर आहे आणि दोष शोधण्याला नाही, तिथे शोधायला कोण शिकेल? रॅलीत रंगाला नि क्रोमला बक्षिसं देणाऱ्यांनी एकदा मिस्त्रीच्या बिलात 'निदान' अशी ओळ असावी असा आग्रह धरावा. ती ओळ नसेल, तर या गाड्या सुट्या भागांअभावी थांबण्याआधीच माणसांअभावी थांबतील.