गोबर गॅसची शेगडी पेटेना, तर?

शेणापासून ज्वलनशील वायु निघतो, ही गोष्ट आपल्या देशांत नवी नव्हे. मुंबईस माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमांत १८९७ सालीं मैल्याच्या वायूचा दिव्यांसाठीं उपयोग करण्यांत आला होता. पुढें १९५१ च्या सुमारास जे. जे. पटेल यांनीं तरंगत्या टाकीचें संयंत्र सिद्ध केलें आणि खादी व ग्रामोद्योग आयोगानें तें खेडोपाडीं नेलें. आमच्या करडीकडील धानाच्या मुलुखांत ज्याच्या गोठ्यांत चार-पांच जनावरें आहेत, त्याला दोन घनमीटरचें संयंत्र सहज चालवितां येतें. त्यास रोज सुमारें पन्नास किलो शेण लागतें.

परंतु एके दिवशीं शेगडी पेटत नाहीं. गृहिणी काडीमागून काडी ओढते. ज्योत उचक्या देते व विझते. “संयंत्र बिघडलें” असा निकाल लागतो, शेण घालणें बंद पडतें, आणि घरांत पुन्हा चुलीचा धूर कोंडतो. श्रोतेहो, कित्येकदा संयंत्र धडधाकट असून दोष केवळ नळींतील ओंजळभर पाण्याचा असतो. म्हणून निकाल देण्यापूर्वीं चौकशी कशी करावी, तेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम दाब म्हणजे काय तें पाहूं. तरंगत्या टाकीच्या संयंत्रांत लोखंडी टाकीचें वजनच वायूला दाबतें. हा दाब सुमारें दहा सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका असून टाकी खालीं बसेपर्यंत बहुतेक सारखा राहतो. स्थिर घुमटाच्या संयंत्रांत, उदाहरणार्थ १९८४ च्या दीनबंधु नमुन्यांत, वायु शेणकाल्यास निर्गम कुंडींत वर ढकलतो, आणि त्या वर चढलेल्या काल्याचा भार वायूवर पडतो. तेथें सकाळीं दाब भरपूर व स्वयंपाक होत आला कीं कमी, हा दोष नव्हे, स्वभाव होय.

आतां पहिला प्रश्न: वायु सांठला आहे काय? टाकी वर आली असेल, किंवा निर्गम कुंडींत काला चढलेला असेल, तर वायु आहे. मग दोष नळींत किंवा शेगडींत शोधावा.

वायूबरोबर बाष्प येतें. तें थंड नळींत पाणी होऊन सखल जागीं सांचतें आणि वाट अडवितें. ज्योत नाचूं लागली कीं हेंच समजावें. नळीच्या सर्वांत सखल ठिकाणीं पाणी काढण्याची तोटी असते. ती उघडून पाणी सोडावें व लगेच बंद करावी. नळींत मध्येंच झोळ पडला असल्यास तो काढून तिला त्या तोटीकडे उतार द्यावा.

शेगडीची ज्योत निळी, आंखूड व स्थिर असावी. ती पिवळी व लांब झाली, तर हवा अपुरी. हवेची झडप थोडी उघडावी. ज्योत बर्नरवरून उचलली जाऊन विझत असेल, तर हवा अधिक, झडप मिटावी. तरीही ती दुबळी असेल, तर बर्नरचीं छिद्रें व जेट स्वच्छ करावें. सिलिंडरच्या गॅसची शेगडी येथें तशीच जोडूं नये. गोबर गॅसमध्यें मिथेन साधारणतः पंचावन्न ते साठ टक्के व उरलेला बहुतेक कर्बवायु असतो. म्हणून त्याला मोठें छिद्र लागतें.

नळी कोठें तुंबली आहे, हें पाहण्यास शाळेंतील एक प्रयोग पुरे. पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वांकवून तींत अर्धें पाणी भरावें. तिचें एक तोंड तीन तोंडांच्या जोडानें शेगडीजवळ बसवावें, दुसरें उघडें ठेवावें. दोन्ही बाजूंच्या पाण्यांतील अंतर म्हणजे दाब. शेगडी बंद असतां तो पुरेसा दिसतो व चावी उघडतांच फार कोसळतो, तर नळींत अडथळा आहे.

टाकीच खालीं बसली असेल, तर मात्र मूळाकडे जावें. ताजें शेण व पाणी समभाग कालवलें होतें काय? गोठ्यांतील फिनाइल कुंडांत गेलें काय? तें जंतूंस मारक आहे. पौष-माघांतील थंडीनें हे जंतु मंदावतात. तेव्हां उन्हांत तापलेलें पाणी घालावें. सांध्यांतून गळती असल्यास ती साबणाच्या फेसानेंच शोधावी. जळती काडी नेऊं नये.

आणखी दोन नियम पाळावेत. नव्या संयंत्राचा प्रथम भरलेला वायु हवेंत सोडून द्यावा. त्यांत हवा मिसळलेली असते व तो स्फोट करूं शकतो. शेगडी लावतांना काडी आधीं पेटवावी, चावी नंतर फिरवावी. कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर काडी ओढूंच नये. चावी मिटून दारें-खिडक्या उघडाव्यात.

शेगडी विझली म्हणून संयंत्र टाकून देणें म्हणजे दिव्याची वात सरली म्हणून घर सोडण्यासारखें आहे. आधीं टाकी, मग नळी, मग शेगडी, एवढा क्रम घरांतील लहानथोरांनीं ध्यानांत ठेवला, तर ती चूल पुन्हा पेटविण्याचा प्रसंग क्वचितच येईल.