गाडीचा विमा, दारू आणि सातबारा



भाऊबीज झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरू लागते. हलके धान घरी आलेले असते, पाहुणे जमतात. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक. आग्रह होतो, दोन घोट पोटात जातात, आणि पहाटे तीनच्या सुमारास मोटारसायकलला किक बसते. घरचे कोणी म्हणते, "भाऊ, आज इथेच झोप." त्यावर उत्तर ठरलेले: "काही होत नाही जी! रस्ता पायाखालचा आहे. आणि गाडीचा विमा आहे ना!"

या शेवटच्या वाक्याविषयी आज आपल्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत. विमा आहे, ही चांगली गोष्ट. पण दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या हातात त्या विम्याचे काय उरते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

आधी विमा म्हणजे काय ते पाहू. गाडीच्या विम्यात एक पक्ष विमा कंपनी, दुसरा पक्ष गाडीचा मालक. या दोघांच्या बाहेरचा, रस्त्याने चाललेला, ज्याला आपल्या गाडीचा धक्का लागू शकतो, तो तिसरा. सायकलवरून शाळेला निघालेली मुलगी, धान घेऊन निघालेला बैलगाडीवाला, रोवणीहून परतणाऱ्या बाया, हे सारे तिसरे. कायदा जो विमा सक्तीने घ्यायला लावतो तो या तिसऱ्या माणसासाठी. मोटार वाहनांचा जुना कायदा १९३९ सालचा. त्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले. पुढे १९८८ चा कायदा आला आणि त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. पण मूळ तत्त्व बदलले नाही. ज्याच्या गाडीखाली माणूस सापडला तो मालक गरीब असला, तरी मेलेल्याच्या मुलाबाळांना भरपाई मिळाली पाहिजे.

याखेरीज दुसरा भाग आहे. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा आणि मालक स्वतः चालवत असताना त्याच्या जिवाचा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे. मालक-चालकाच्या अपघाती मृत्यूसाठी १५ लाख रुपयांचे संरक्षण असते.

आता यात दारू मिसळा आणि काय होते ते पाहा.

पहिले, स्वतःच्या गाडीचे नुकसान. पॉलिसीच्या कागदावर बारीक अक्षरांत अट छापलेली असते की चालक दारूच्या अमलाखाली असेल तर कंपनी हे नुकसान देणार नाही. दिल्लीत २००७ साली झालेल्या एका मोटार अपघाताचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ साली न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. चालकाच्या रक्तातील दारूचा आकडा पुढे आला नव्हता. तरीही इतर पुराव्यांवरून तो अमलाखाली होता हे दिसत असेल तर ते पुरे, असे न्यायालयाने मानले. म्हणजे "माझी तपासणीच झाली नाही" ही पळवाट भरवशाची नाही.

दुसरे, आपला स्वतःचा जीव. ते १५ लाखांचे संरक्षणही दारूच्या अमलाखाली असलेल्या मालक-चालकाला मिळत नाही. घरचा कर्ता जातो आणि मागे राहिलेल्यांच्या हाती काही पडत नाही.

तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या तिसऱ्या माणसाची भरपाई. इथे नीट लक्ष द्या. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, चालक दारू प्यालेला होता हा बचाव विमा कंपनीला न्यायाधिकरणापुढे मांडता येतो. अशा वेळी न्यायालये पुष्कळदा एक मधला मार्ग काढतात: कंपनीने पीडिताला पैसे आधी द्यावेत आणि नंतर ते मालक-चालकाकडून वसूल करावेत. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली दारू प्यालेल्या चालकाच्या प्रकरणात हेच सांगितले. पीडिताच्या दृष्टीने हा न्याय आहे. पण मालकाच्या दृष्टीने पाहा. विम्याचा हप्ता भरला, कागद खिशात आहे, आणि भरपाई मात्र शेवटी आपल्याच अंगावर!

ही रक्कम किती असते? शाळेतल्या गुरुजींनी हे गणित फळ्यावर करून दाखवावे. धरून चला की बत्तीस वर्षांचा एक मजूर अपघातात गेला. महिन्याची कमाई १०,००० रुपये. मागे बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. वर्षाची कमाई झाली १,२०,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून चाळीस वर्षांखालच्या अशा माणसासाठी ४० टक्के मिळवायचे; झाले १,६८,०००. चार अवलंबितांच्या घरात तो स्वतःवर चौथा हिस्सा खर्च करील असे धरून तो वजा करायचा, उरले १,२६,०००. बत्तीस वर्षांच्या वयाला गुणक १६. गुणाकार करा: २०,१६,००० रुपये. यात अंत्यविधी वगैरेंच्या रकमा आणि व्याज वेगळे. हा हिशेब सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ सालच्या निकालांत घालून दिलेल्या रीतीचा आहे. एका मजुराच्या जिवाचे हे वीस लाख दोन-तीन एकर धानाच्या बांधीवाल्याने कोठून आणायचे?

कोणी म्हणेल, कंपनी काय माझ्या दारात वसुलीला येणार आहे? येते, बरे का. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले की अशी वसुली करण्यासाठी कंपनीला नवा दावा लावण्याची गरज नाही. त्याच निकालावर अंमलबजावणी मागता येते. रक्कम देण्यापूर्वी मालकाकडून तारण मागता येते आणि अपघातातील गाडीही अडकवून ठेवता येते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरणाच्या निवाड्याची रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मंडईच्या रात्रीचा पेला असा सातबाऱ्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

आता शिक्षेचे पाहू. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू आढळली की कलम १८५ चा गुन्हा होतो. ती सरकारी दुकानाची की मोहाची, हे फुंकणीचे यंत्र विचारत नाही. फुंकायला विनाकारण नकार दिला तर तोही पुराव्याला पुष्टी देणारा मानता येतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पिणाऱ्याला गाडी चालवायला उत्तेजन देणाऱ्यालाही कलम १८८ खाली तीच शिक्षा. म्हणून झोकांड्या खाणाऱ्या पाहुण्याच्या हाती किल्ली देताना यजमानानेही विचार करावा.

लायसनचे काय होते? पोलीस ते जप्त करून परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे, म्हणजे आपल्याकडे गोंदियाच्या आरटीओकडे, पाठवतात. तिथे आपले म्हणणे ऐकून घेतले जाते. त्यानंतर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने लायसन बंद होऊ शकते. पुन्हा गुन्हा घडला तर ते रद्दच होऊ शकते. ते परत मिळण्याआधी चालकांसाठीचे उजळणी प्रशिक्षण पुरे करावे लागते. या काळात गाडीला हात लावू नये. अपात्र असताना गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला आणखी एक बचाव मिळतो.

इथे थोडे दूरच्या देशात डोकावू. आपल्या जिल्ह्यातली मुलेमुली आता शिक्षणाला, नोकरीला अमेरिकेपर्यंत जातात. तिथल्या पुष्कळ राज्यांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली की एक वेगळीच अट येते. त्या माणसाच्या विमा कंपनीने राज्याच्या वाहन खात्याकडे हमीचा कागद दाखल करावा लागतो की याचा विमा चालू आहे. या कागदाला एस.आर. २२ म्हणतात. कॅलिफोर्नियात तो साधारण तीन वर्षे चालू ठेवावा लागतो. मध्ये हप्ता चुकला तर कंपनी स्वतःच खात्याला कळवते आणि लायसन पुन्हा बंद होते. फ्लोरिडात अशा चालकाकडून एफ.आर. ४४ नावाच्या कागदाने नेहमीपेक्षा बरीच मोठ्या रकमेची हमी घेतली जाते. असा चालक जोखमीचा ठरतो, म्हणून त्याचा हप्ताही वाढतो.

आपल्याकडे असा वेगळा कागद नाही. आपला सक्तीचा विमा चालकाच्या नावाने नसून गाडीच्या नावाने असतो, आणि त्याचा दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७५ ते १५० सी.सी.च्या मोटारसायकलला वर्षाचे ७१४ रुपये आणि वर कर, असा दर होता. पिणारा आणि न पिणारा, दोघांनाही तोच. त्यामुळे आपल्याकडे पिणाऱ्याला वाटते की माझे काही वाढले नाही. खरी गोष्ट अशी की अमेरिकेत जोखमीची किंमत हप्त्याहप्त्याने आधी मागतात. आपल्याकडे ती अपघातानंतर एकदम, वसुलीच्या रूपाने समोर येते.

मग करायचे काय? ज्याच्या हातून चूक झाली आहे त्याने चार गोष्टी कराव्यात. न्यायालयाच्या तारखेला हजर राहावे आणि दंडाची पावती जपून ठेवावी. आरटीओची नोटीस आली तर टाळू नये. वेळेवर जाऊन आपले म्हणणे मांडावे. प्रशिक्षण पुरे करून लायसन हाती येईपर्यंत गाडी दुसऱ्या लायसनधारकाने चालवावी. आणि गाडीचा विमा एक दिवसही खंडित होऊ देऊ नये. विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड ४,०००. विम्याचा कागद जवळ नसला तर घाबरू नये. डिजिलॉकरमधला किंवा एमपरिवहनमधला कागद चालतो. खासगी गाडीच्या विम्याचे प्रमाणपत्र सांगितलेल्या पोलीस ठाण्यात सात दिवसांत दाखवण्याची सवलतही कायद्यात आहे. मात्र ज्या दिवशी गाडी अडवली त्या दिवशी विमा चालू असला पाहिजे. दुसऱ्या दिवशी काढलेला विमा आदल्या दिवसाला लागत नाही. आणि गाडी विकली असेल तर आरटीओच्या दप्तरातले नाव ताबडतोब बदलून घ्यावे. नाहीतर पिणारा दुसराच आणि नोटीस आपल्या घरी, असे होते.

आणि ज्यांच्या घरातला माणूस दुसऱ्याच्या दारूपायी गेला, त्यांनीही धीर सोडू नये. गाडीवाला प्यालेला होता म्हणून आपला हक्क बुडाला, असे कोणी सांगितले तरी त्यावर विसंबू नये. अपघात जिथे झाला किंवा आपण जिथे राहतो, तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. त्यासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. तेरवी आटोपली की कागद जमवायला लागावे. गाडी ओळखताच न येता पळून गेली असेल तरीही मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर इजेसाठी ५०,००० रुपयांची वेगळी तरतूद आहे. वकील करण्याची ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि अल्प उत्पन्नाच्या माणसांना तिथे मोफत साहाय्य मिळते.

विम्याचा कागद मुळात तिसऱ्या माणसाच्या लेकराबाळांसाठी आहे. पिऊन गाडी हाकणाऱ्याची पाठराखण करण्यासाठी तो छापलेला नाही. तेव्हा येत्या मंडईला पाहुण्याची चांगली बडदास्त ठेवा, नाटक पाहा, आणि कोणी प्यालेला असेल तर त्याच्या गाडीची किल्ली घरधनिणीच्या हाती द्या. एक जास्तीची गोधडी अंथरायला काही पैसे पडत नाहीत. सकाळी चहा घेऊन पाहुणा आपल्या पायांनी गाडीवर बसेल, आणि त्याच्या वाटेवर चालणारी शाळेची मुलेही सुखरूप घरी पोचतील.