चिमुकल्या कापडावर जुना घोडा

भरतकामाच्या तयार संचात इवलेसे कापड, सुई, रंगीत दोरे आणि छापील आकृती असते. त्या आकृतीऐवजी एखादी प्राचीन नक्षी भरता येईल काय? अवश्य येईल, मात्र त्यासाठी काय ठेवावे आणि काय गाळावे, हे ठरविता आले पाहिजे.

फ्रान्समधील बायो या गावाच्या नावाने ओळखला जाणारा अकराव्या शतकातील भरतपट पाहा. सुमारे ७० मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद अशा या पटावर, इंग्लंडवरील १०६६ सालच्या नॉर्मन स्वारीची कथा लोकरीच्या दोऱ्यांनी भरलेली आहे. रंग मोजकेच, तरी घोड्याचे अलीकडचे पाय एका रंगात आणि पलीकडचे दुसऱ्या रंगात भरल्यामुळे कोणते पाय मागे आहेत, हे पाहताक्षणी कळते.

यातील एक घोडा आपल्याला भरावयाचा आहे, असे समजा. कापडाच्या एका इंचात १४ टाके बसत असतील, तर ३ इंचांत ४२ टाके मावतील. म्हणून आलेखकागदावर ४२ चौकटींच्या लांबीत, एक चौकट म्हणजे एक फुलीचा टाका असे धरून, घोडा रेखाटावा. लगाम, रिकीब असे बारकावे त्यात मावणार नाहीत. ते निःशंकपणे गाळावेत. मानेचा बाक, उचललेली टाप आणि पायांचे दोन रंग मात्र राखावेत. तेही गेले, तर तो कोणताही घोडा होईल, बायोचा राहणार नाही.

मूळ पट भरणाऱ्या हातांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. त्यांची दृष्टी मात्र टाक्याटाक्यांत दिसते. ती ओळखणे, हाच या लहानशा कामातील मोठा अभ्यास होय.