यादींतील नांव

दिग्रस तालुक्यांत कापूस व सोयाबीन पिकविणाऱ्या पात्र शेतकऱ्याच्या खात्यांत वर्षांतून तीन वेळां दोन-दोन हजार रुपये जमा होतात. २४ फेब्रुवारी २०१९ रोजीं सुरू झालेली ही 'प्रधानमंत्री किसान सन्मान निधि' योजना होय. तिचा सोळावा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं आमच्याच जिल्ह्यांतून, यवतमाळ येथून, देण्यांत आला. तो एकवीस हजार कोटी रुपयांहून अधिक होता. २०२३ सालीं राज्य शासनानें 'नमो शेतकरी महासन्मान निधि' या नांवानें वर्षाला आणखी सहा हजारांची भर घातली. इतकें द्रव्य कोणाच्या घरीं जातें, हें गांवानें जाणावें कीं नाहीं?

कायद्याचें उत्तर स्पष्ट आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चवथ्या कलमाप्रमाणें अनुदानाची रक्कम व लाभार्थींचा तपशील प्रत्येक सरकारी खात्यानें, कोणीं मागण्याची वाट न पाहतां, प्रसिद्ध केला पाहिजे. सन्मान निधीच्या नियमांतहि याद्या ग्रामपंचायतींत लावाव्या असें सांगितलें आहे.

कौटिल्यानें राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजले, ते अधिकाऱ्यांचे. घेणाऱ्यानें अपात्र असतां मुकाट्यानें घेणें, हा प्रकार निराळा. आणि तो सुशिक्षितांत अधिक आढळावा ही खेदाची गोष्ट आहे. माहितीच्या अधिकारामुळें २०२१ च्या आरंभीं असें उघड झालें कीं, २० लाख ४८ हजार अपात्र जणांस १,३६४ कोटी रुपये देण्यांत आले होते, व त्यांतील निम्म्याहून अधिक जण आयकर भरणारे होते. आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं वडिलोपार्जित शेत आहे. सातबारावर चौघां भावांचीं नांवें असतात. एक सरकारी नोकरींत, एक पेन्शनर, एक वकील आणि एकच खरा शेत कसणारा. योजनेच्या दृष्टीनें कुटुंब म्हणजे पति, पत्नी व अज्ञान मुलें एवढेंच. घर एकत्र असलें तरी पात्रता प्रत्येकाची वेगळी पाहिली जाते. आयकर भरणारे, चतुर्थ श्रेणीखेरीज सरकारी नोकर, तसेंच दरमहा दहा हजार किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे या योजनेस अपात्र आहेत.

तथापि यादीचा खरा उपयोग अपात्रांस पकडण्यांत नाहीं. तिच्यांत कोणाचें नांव नाहीं, हें तिच्यावरूनच कळतें. पति वारल्यावर फेरफार अडकलेली विधवा, किंवा आधारावरील व सातबारावरील नांवांत एका अक्षराचा फरक पडलेला अल्पभूधारक, यांना आपण का वगळलों गेलों हें ठाऊक नसतें. यादी भिंतीवर असली तर शेजारी म्हणतो, "काकू, तुमचें नांव दिसत नाहीं, उद्यां तलाठ्याकडे जाऊं." यादी कपाटांत असली तर ती बाई दैवास बोल लावीत बसते.

खासगीपणाचा आक्षेप आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. २०१० सालीं जर्मन शेतकऱ्यांच्या तक्रारीवरून युरोपीय संघाच्या न्यायालयानें व्यक्तींचीं नांवें सरसकट छापण्याचा नियम रद्द केला. २०१३ च्या नव्या नियमानें नांवें पुन्हां प्रसिद्ध होऊं लागलीं, मात्र लहान रकमा घेणाऱ्यांचीं गाळण्यांत आलीं. आमच्याकडे सर्वांस रक्कम सारखीच मिळते; म्हणून नांव कळल्यानें कोणाची सांपत्तिक स्थिति उघडी पडत नाहीं. आपल्या देशांत २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्यानें माहिती-अधिकाराच्या आठव्या कलमांतील खासगी माहितीचें बंधन अधिक कडक केलें आहे. परंतु सार्वजनिक हित मोठें असल्यास माहिती देण्याची वाट त्याच कलमांत शिल्लक आहे.

आमच्या मतें मर्यादा अशी असावी: नांव, गांव व मिळालेले हप्ते उघड असावेत, खाते क्रमांक, आधार क्रमांक व दूरध्वनि क्रमांक गुप्त राहावेत. अशी यादी ग्रामसभेंत मोठ्यानें वाचली जावी. वाचकांनीं गांवीं जाल तेव्हां ती अवश्य पाहावी, आणि प्रथम आपल्याच घरचीं नांवें शोधावींत. अपात्राचें नांव आढळल्यास पैसे परत करण्याची सोय शासनानें ठेवलेली आहे. नंतर शेजारच्या वाड्यांतील काकूंचें नांव शोधावें.