वॉरंटविना घरझडती
गुन्ह्याच्या तपासासाठी लागणारी वस्तू अन्य मार्गाने वेळेत मिळणार नाही, असे मानायला सबळ कारण असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ नुसार पोलिसांना वॉरंटविना घराची झडती घेता येते. ही कारणे आधी लेखी नोंदवावी लागतात. नुसता संशय पुरत नाही. झडतीला परिसरातले दोन त्रयस्थ पंच लागतात. घरात राहणाऱ्याला हजर राहण्याचा आणि जप्तीच्या यादीची प्रत मिळण्याचा हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून चित्रीकरणही बंधनकारक झाले. कारणांची नोंद ४८ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे जाते. अर्ज केल्यास तिची प्रत घरमालकाला विनामूल्य मिळते, आणि वादात खरा उपयोग तिचाच. मात्र झडती बेकायदा ठरली तरी सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल खटल्यात ठरवले आहे.